खिडकीजवळचे अता

कानिशायच्या सासऱ्यांचं नाव तेमिरबेक. तुम्ही-आम्ही ते खुशाल घेऊ. कानिशायची जीभ रेटायची नाही. वसंतात लग्न होऊन बिश्केकला आलेली सून ती. सासऱ्याचं नाव तोंडातून काढणं म्हणजे जेवणासाठी मांडलेल्या दस्तरखानावर पाय देऊन जाण्यासारखं. बरं, नुसतं नाव टाळून भागतंय थोडंच? तेमिर म्हणजे लोखंड, म्हणून घरात लोखंडालाही ती 'ते काळं' म्हणायची. एकदा नवऱ्याला म्हणाली, "बाजारातून ते काळं आणा, दाराला कडी लावायचीय," तर पठ्ठ्या कोळसा घेऊन आला. घरभर हसू. सर्वांत जास्त हसले ते सासरेच.

माणूस मात्र सोन्यासारखा. नर्सिंगचं शिक्षण संपलं तेव्हा सासूबाई कुरकुरल्या होत्या, घर कोण बघणार म्हणून. सासरे एवढंच म्हणाले, "पोरगी शिकलीय ती काय माझ्या चहाच्या वाट्या विसळायला?" अशा माणसाचं नाव कसं घ्यायचं?

तर ही कानिशाय शहरातल्या मोठ्या इस्पितळात शस्त्रक्रिया विभागात लागली. तिथल्या मुख्य नर्स दामिरा एजे; एजे म्हणजे ताई. बोलणं तिखट, पण हात देवाचा. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "सुई देण्याआधी खाटेपाशी उभं राहायचं, पूर्ण नाव मोठ्यानं घ्यायचं. माणूस 'हो, मीच' म्हणाला की मग सुई. खाट आजारी नसते गं बाई, माणूस आजारी असतो. डोक्यात शिरलं?"

"शिरलं, एजे."

शिरलं होतंच. पण तिसऱ्या खोलीत खिडकीजवळ जे म्हातारबाबा दाखल झाले, पायाच्या चिघळलेल्या जखमेसाठी, त्यांचं नाव निघालं तेमिरबेक! सांगायचं तरी कुणाला? दामिरा एजे म्हणाल्या असत्या, "मग घरी बस आणि बुरसोक तळ." शेवटी तिनं आपली युक्ती काढली. बाकीच्यांना नावानं हाक मारायची आणि यांना मात्र "काय अता, बरं वाटतंय ना?" एवढंच; अता म्हणजे बाबा, कुणाही म्हाताऱ्याला चालतं. पहिल्या दिवशी निभावलं.

दुसऱ्या दिवशी ती यायच्या आधीच दोन म्हाताऱ्यांनी आपसांत खाटा बदलल्या होत्या. खिडकीतल्या वाऱ्यानं तेमिरबेक अतांचा पाय ठणकत होता, आणि दाराजवळच्या जूमार्त अतांना डोंगर बघायचे होते. त्यांच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया व्हायची होती. झालं, दोघंही खूश! दोघांच्याही पांढऱ्या दाढ्या, दोघंही पांघरुणात. कानिशाय तशीच खिडकीपाशी गेली.

"काय अता, बरं वाटतंय ना? हात द्या."

अतांनी हात दिला. तिनं औषध शिरेत सोडलं.

ट्रे आवरेपर्यंत अता मान खाजवू लागले. मग ओठ सुजले, श्वास घरघरू लागला. कानिशायनं त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. हे ते नव्हतेच! जूमार्त अतांना हे औषध चालत नाही हे सगळ्या विभागाला ठाऊक होतं, तिलाही होतं.

"एजे! लवकर या!"

दामिरा एजे धावत आल्या, पाठोपाठ डॉक्टर. उताऱ्याचं औषध टोचलं, प्राणवायूची नळी लावली. दुपारपर्यंत अतांचा श्वास जागेवर आला. कानिशाय भिंतीला टेकून उभी होती. आपण माणूस मारत होतो, आपण माणूस मारत होतो, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

अतांनी तिला बोटानं जवळ बोलावलं. "कुणाची सून गं तू? सासऱ्यांचं नाव काय?"

तिनं मान खाली घातली.

"दाराजवळच्या माझ्या दोस्ताचंच ना?" अता घोगऱ्या आवाजात हसले. "आमची म्हातारी माझ्या थोरल्या भावाचं नाव न घेताच गेली. भाऊ सत्तरीचा झाला तरी ती आपली 'मोठ्या घरचे' म्हणायची. रडू नकोस."

इतक्यात दामिरा एजे कमरेवर हात ठेवून समोर उभ्या राहिल्या. "नाव घेतलं होतंस?"

कानिशायनं तोंड उघडायच्या आत अताच बोलले, "घेतलं होतं की! मलाच कमी ऐकू येतं. दुसऱ्याच्या नावाला मी हो म्हणालो."

आणि कानिशाय गप्प बसली. नोकरी जाईल, घरी काय तोंड दाखवू, सासऱ्यांनी केवढ्या हौसेनं पाठवलंय... एका क्षणात हे सगळं मनात येऊन गेलं, आणि ती गप्प बसली. जीव भांड्यात पडल्यासारखा वाटला, त्याचीच तिला किळस आली.

संध्याकाळी अतांचा मुलगा आला. शहरात राहणारा, अंगात कातडी जाकीट, आवाज दणदणीत.

"ऐकू येत नाही म्हणे तुम्हाला! दुसऱ्याच्या नावाला ओ देता? असं मरायचंय तिकडे गावात एकट्यानं? बास झालं. घोडे विकतो. इथनं सुटलात की सरळ माझ्याकडे, आठव्या मजल्यावर."

"अरे, घोड्या व्यायच्यात—"

"डोकं ठिकाणावर नाही तुमचं, अता. आता माझं ऐकायचं."

अतांचे कान चांगले शाबूत होते. आपण खोटं बोललो एवढं म्हटलं की सुटले असते, पण तेवढंच ते म्हणेनात. पांघरुणाची कड नुसती चुरगाळत राहिले.

कानिशायला ते बघवेना. "त्यांना सगळं ऐकू येतं," ती म्हणाली. आवाज एवढा बारीक, की तिलाच पुन्हा बोलावं लागलं. "त्यांना सगळं ऐकू येतं! मी नाव घेतलंच नव्हतं. सासऱ्यांचं आहे ते नाव, म्हणून टाळलं. अता माझ्यासाठी खोटं बोलले. त्यांचे घोडे विकू नका."

मुलगा वडिलांकडे वळला. जूमार्त अतांनी डोळे मिटून घेतले. मुलाच्या मागेच उभ्या असलेल्या दामिरा एजे ओरडतील म्हणून कानिशायनं अंग चोरलं, पण एजे ओरडल्या नाहीत. त्यांनी वळून दाराजवळच्या खाटेकडे पाहिलं.

"मग यांची सुई?" त्या म्हणाल्या. "यांना सकाळपासून दिली कुणी?"

कुणीच दिली नव्हती. सगळा विभाग दिवसभर खिडकीपाशी धावत होता. कानिशाय दाराजवळच्या खाटेपाशी गेली. पांघरुणाखाली म्हातारा तापानं थरथरत होता, सुजलेला पाय लालबुंद.

तिनं ओठ उघडले.

"तेमिरबेक अता," ती मोठ्यानं म्हणाली.

"हो, मीच," म्हातारा म्हणाला. "मला वाटलं पोरी, आज माझी सुई नाहीच. सगळ्यांची नावं ऐकली, माझं कुणी घेतलंच नाही."