समुद्र कुठल्या देशाचा?

हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर मला चैन नाही पडायचं. काल आमचे तात्या गेले.

आमचे म्हणजे शांती नगरमधल्या आमच्या बिल्डिंगचे, तळमजल्यावरचे. मूळचे खाडीकाठच्या मोरवा गावचे. घरची मिठागरं, आणि स्वतः आयुष्यभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. मी लॉला ॲडमिशन घेतली आणि घटनेचं जाडजूड पुस्तक घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी पुस्तक बाजूला सारलं आणि माझ्या तळहातावर चिमूटभर जाडं मीठ ठेवलं.

"सांग बाय, ह्यो समुद्र कुठल्या देशाचा?"

"आपलाच ना?"

"समुद्राला देश न्हाय. भरती आली का आमी बांधाची फळी काढायचो, पाणी आत घ्यायचो. मीठ मात्र आमच्या उन्हात पिकायचं."

मग मी रोजच जायला लागले. मिठागराचं बोलता बोलता ते डोळे मिटायचे. मग मलाही दिसायला लागायचं. पहाटेचं आभाळ पाण्यात उतरलंय, मिठागराचा एकेक चौकोन गुलाबी होतोय, आणि तळाशी काहीतरी पांढरं हळूहळू उगवतंय. त्याच तंद्रीत ते शिकवायचे. महायुद्धानंतर सगळं जग मिळून मानवी हक्कांचा जाहीरनामा लिहीत होतं, आणि त्याच काळात दिल्लीत आपली घटना लिहिली जात होती. "भरती एकच. जगणं, समानता, बोलायची मोकळीक, ह्ये सगळ्यांचं पाणी. पण अस्पृश्यता बंद, ह्ये जगाच्या जाहीरनाम्यात लिवलेलं न्हाय. त्ये आपल्या उन्हातलं मीठ. आपले चटके आपल्यालाच ठावं."

मला वाटायचं, किती गोड बोलतात! बस, तेवढंच.

मग तिसऱ्या मजल्यावर सॅम्युअल राहायला आला. आफ्रिकेतून शिकायला आलेला, लाजाळू. बिल्डिंगला तो नको होता. फ्लॅट सोडून जावा म्हणून कमिटीने सरळ त्याचं पाणीच बंद केलं. खाली मीटिंग भरली तेव्हा तात्या काठी टेकत उठले.

"पाणी कुणाच्या हुकमानं तोडलं?"

सेक्रेटरी अंकल म्हणाले, "तात्या, वो अपना इंडियन थोडी है!"

"घटनेत जिथं नागरिक म्हणायचं तिथं नागरिक म्हटलंय. जगण्याच्या हक्कात म्हटलंय, कोणतीही व्यक्ती. तिसऱ्या माळ्यावर व्यक्ती न्हाय का राहात?"

"ये सोसायटी है तात्या, सुप्रीम कोर्ट नहीं."

लोक हसले. तात्याही हसले. "बरं. मग माझा बी नळ बंद करा."

आणि खरंच करायला लावला! सून कपाळावर हात मारून घेत होती. "अहो, निदान मला भांडी तरी घासू द्या!" म्हातारा आपला खुर्ची टाकून गेटपाशी बसलेला, डोळे मिटून, जणू भरतीची वाट बघतोय. दुसऱ्या दिवशी आईने आमचाही नळ बंद करायला सांगितला. मग समोरच्या भाभींनी. संध्याकाळी सेक्रेटरी अंकल गुपचूप गच्चीवर गेले आणि सॅम्युअलचं पाणी सोडून आले.

काल तात्यांना खाली जमिनीवर निजवलं होतं. श्वास अगदी बारीक झालेला. आम्ही एकेक जण तोंडात चमचाभर पाणी घालत होतो. सॅम्युअल चपला काढून दाराबाहेरच उभा, आत यावं की नाही कळत नव्हतं त्याला. तेव्हा सेक्रेटरी अंकल उठले आणि त्यांनीच पाण्याचा तांब्या त्याच्या हातात दिला.

"आ बेटा. तू भी पिला."

शेवटचा घोट सॅम्युअलच्या हातचा होता.

तुमच्या बिल्डिंगमध्ये होतं का हो असं कोणी? दुसऱ्यासाठी स्वतःचा नळ बंद करून बसलेलं?