डोक्यावरची डोली

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरमाथ्यावर जनीची वाडी आहे. चार म्हशी, शेळ्या, नाचणीची उतरती शेतं. वाडीतले कर्ते पुरुष मुंबईच्या गिरण्यांत असतात आणि शिमग्यापुरते घरी येतात. एरवी तिथे पुरुष म्हणून उरतो तो देवळाची दिवाबत्ती करणारा म्हातारा रामजी.

जनीचा मुलगा नाथूही गिरणीत. गेल्या पौषात एका सकाळी तिच्या सुनेला, रखमाला, कळा सुरू झाल्या. मूल आडवं होतं. सुईणीनं हात टेकले. महाडला डॉक्टरकडे न्या, नाहीतर दोघंही जातील, म्हणाली.

माणूस डोंगरावरून उतरवायचा तर डोली लागते. लांब वाशाला घोंगडी बांधायची आणि पुरुषांनी ती खांद्यावर घ्यायची. खांदे सगळे मुंबईत होते. बायकांनीच घरातला एक वासा काढला. रखमाचा भार पडताच तो करकरून मोडला. बांबूचं बेट दूर ओढ्याकाठी, तोडून आणेस्तोवर दिवस मावळला असता. वाडीत धड असा एकच दांडा होता, देवाच्या पालखीचा.

रामजी देवळाच्या उंबऱ्यात आडवा बसला. त्या दांड्याला बाईचा खांदा लागत नाही, ही पिढ्यांची रीत. शिमग्याला पोरं आली की त्यांना तोंड कुणी द्यायचं, असं तो विचारत राहिला. शेजारची विठाबाई त्याच्यावर तापली. रोज भाकर मात्र बाईच्या हातची चालते, असं तिनं सुनावलं. जनी त्याच्यापुढे खाली बसली.

"बाबा, खांदा लावायचा नाय ना? नाय लावत. डोक्यावर घेतो."

"डोली? डोक्यावर?"

"मोळी घेतो, गवताचा भारा घेतो. माझी सून काय मोळीहून जड हाय?"

रामजी उंबऱ्यातून उठला. मग त्यानं स्वतःच दांडा काढून बाहेर आणला.

चौघींनी डोक्यावर चुंबळी ठेवल्या, दोघी पुढे, दोघी मागे. तो उतार मी पाहिलेला आहे. मोकळ्या हातांनी उतरतानाही मी बसत-घसरत आले होते. वाटेतल्या मोठ्या धोंड्यांपाशी रखमा भेदरून उठू बघायची. "निजून रहा गो, नायतर आमचा तोल जायचा," असं विठाबाई तिला दटावत होती. पोलादपुरात बैलगाडी मिळाली.

दिवेलागणीला गाडी महाडात ह्यांच्या दवाखान्यापाशी थांबली तेव्हा मी पायरीवरच होते. बरोबर पुरुषमाणूस कोण आहे, असं ह्यांनी विचारलं. चौघी एकमेकींकडे बघून हसल्या. मान वळेनाशी झाल्यामुळे अख्खं अंग वळवून हसल्या.

माझा मुलगा पुण्याहून यायचा असला आणि मोटारीला उशीर झाला, तरी माझ्या दाराशी फेऱ्या सुरू होतात. जनी पायरीवर बसून आतला एकेक आवाज ऐकत होती. मी चहा दिला, तो तसाच गार झाला. तान्ह्या मुलीचं रडणं ऐकू आलं तरी ती उठली नाही. रखमाचा आवाज आल्यावर मात्र तिनं पदर तोंडाला लावला आणि अगदी निःशब्द रडली. बाकीच्या तिघी पहाटेच परत निघाल्या. घरी म्हशी पिळायच्या राहिल्या होत्या.

शिमग्याला नाथू आला. गावकी बसली, पालखीचा दांडा नेल्याबद्दल जनीला देवापुढे नारळ ठेवायला सांगितला, तो तिनं ठेवला. सण उरकल्यावर मंडळी बोटीसाठी दासगावच्या बंदराला निघाली, तेव्हा वाटेत आमच्या दारी आली. रखमाही मुलीला घेऊन मुंबईला चालली होती. नाथूचं मन नव्हतं. एका खोलीत दहाजण निजतो, म्हणत होता. जनीनंच हट्ट धरला होता.

"तिकडं दवाखाना दारात हाय म्हणतात. हिला पुन्हा डोंगरावर ठेवायची नाय."

मला राहवलं नाही. वाडीतलं आणखी एक धडधाकट माणूस जातंय, उद्या जनीलाच काही झालं तर खाली कोण आणणार, असं मी विचारलं.

"मी हलकी हाय, वैनी," ती म्हणाली. "मला दोघी पुरतील."

मग नातीच्या टोपीचा बंद नीट करून ती त्यांना पोचवायला बंदराच्या रस्त्याला लागली.