न उतरवलेली मिशी

माझ्या वडिलांना त्र्याऐंशीव्या वर्षापर्यंत वडील होते. निदान ते तसं मानत होते. साताऱ्याकडच्या आमच्या गावात बाप जिवंत असेल तर मिशी उतरवायची नसते आणि म्हाळाच्या दिवसांत पितरांना पाणीही द्यायचं नसतं. बाबांनी दोन्ही नियम जन्मभर पाळले. त्यांचे वडील फौजेत, पूल बांधणाऱ्या तुकडीत होते. सिंगापूर पडलं तेव्हा ते जपान्यांच्या हाती लागले, आणि बाबा तेव्हा आईच्या पोटात होते. घरी आलेल्या कागदावर 'बेपत्ता' एवढंच होतं. आजीनं तो कागद देवाच्या फोटोमागे सारला आणि "गावला न्हाई म्हंजे मेला, असं कुठं लिवलंय?" म्हणत कुंकू लावत राहिली. ती गेली तीसुद्धा हिरव्या लुगड्यात, ओटी भरून, सवाष्ण म्हणून.

माझी आई गेल्यावर मी बाबांना इकडे आयर्लंडला, नावन गावी घेऊन आले. त्यांच्या बॅगेत दोन स्वेटर, गोळ्यांचा डबा आणि बांधणी उसवलेला एक शाळेचा नकाशासंग्रह होता. डायनिंग टेबलाच्या एका टोकाला माझा लॅपटॉप आणि दुसऱ्या टोकाला बाबांचं महायुद्ध, अशी आमची सकाळ सुरू व्हायची. मी मीटिंगमध्ये असले तरी पलीकडून मोहीम चालूच. जपानी सायकलींवरून मलाया ओलांडत कसे आले, सत्तर दिवसांत सिंगापूर कसं घेतलं, मग ब्रह्मदेश घेऊन थेट आपल्या आसामच्या डोंगरांपर्यंत कसे आले, सगळं बोट फिरवत सांगायचे. मग बोट उलटं फिरायचं. डोंगरातली माघार, एकेक बेट हातचं जाणं, दोन बाँब आणि शरणागती.

"जपान पसरला तसा माझा बाप लांब गेला," ते म्हणायचे. "मग जपान आटला. पर बाप काय माघारी आला न्हाई."

हे मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की माझं लक्षही नसायचं. कधी कधी तर मी वैतागायचे. एवढं मोठं युद्ध, एवढी मोठी राज्यं, आणि माझ्या बापाला त्यात फक्त एक माणूस हवा होता.

आमच्या शेजारीणबाई बाबांपेक्षा चार वर्षांनी लहान. तरी बाबा त्यांना "ती म्हातारी" म्हणायचे. त्यांचे वडीलही इंग्रजांच्या फौजेत होते, तेही सिंगापूरला पकडले गेले, पण ते परत आले. आयर्लंडमध्ये इंग्रजांच्या फौजेतून आलेल्या माणसाबद्दल कुणी फारसं बोलत नसे. त्यांची पदकं स्वयंपाकघरातल्या कपाटात, ताटल्यांच्या मागे पडून राहिली. कैदेत मूठभर भातावर दिवस काढलेले, त्यामुळे घरात तांदळाचा दाणा आलेला त्यांना चालत नसे. कुणी भाताचा विषय काढला तरी ते उठून परसात जायचे. हे सगळं बाईंनी मला सांगितलं होतं. बाबा यायच्या दोन वर्षं आधी, युद्धात गेलेल्यांची नावं कॉम्प्युटरवर कशी शोधायची तेही त्यांनीच मला दाखवलं होतं.

आणि मला नाव सापडलं होतं. आजोबांचं नाव, गाव, आजीचं नाव, सगळं बरोबर. सिंगापूरहून कैद्यांना जहाजांत कोंबून न्यू गिनीकडच्या बेटांवर धावपट्ट्या बांधायला नेलं होतं. पुढे जपानचीच रसद तुटली. पहारेकरी उपाशी, मग कैद्यांना कोण विचारतो? शरणागतीच्या जेमतेम दोन महिने आधी आजोबा गेले. त्यांचं नाव तिकडच्या एका स्मारकाच्या भिंतीवर कोरलेलं आहे.

मी बाबांना सांगितलं नाही. म्हाताऱ्या माणसाला पोरकं कशाला करायचं, असं स्वतःला समजावलं. खरं कारण आजी होती. एवढी वर्षं तिनं लावलेलं कुंकू, ते हिरवं लुगडं, ती ओटी, हे सगळं माझ्या एका वाक्यानं पुसलं जाणार होतं. माझी छातीच झाली नाही.

पितृपंधरवडा सुरू होऊन आठवडा झाला होता. शेजारीणबाई चहाला आल्या. मी दुभाष्याचं काम करत होते. बाबांनी विचारलं, "तुमचं वडील आल्यावर बोललं का काय?" बाई म्हणाल्या, कधीच नाही, फार कडक माणूस होता. मी मराठीत सांगितलं.

"न बोलंना का," बाबा म्हणाले. "आला तरी हुता."

हे मी इंग्रजीत केलं तेव्हा बाईंनी बाबांच्या हातावर हात ठेवला आणि माझ्याकडे वळून सहज विचारलं, "डिड यू शो हिम द नेम ऑन द वॉल?"

बाबांना इंग्रजी येत नाही, पण 'नेम' कळतं. आणि माझा चेहरा तर त्यांना जन्मापासून वाचता येतो.

"कुनाचं नाव?"

मी फोन पुढे केला. काही लपवायचं उरलंच नव्हतं. बाबांनी चष्मा पुसला, काचेवर बोट ठेवलं आणि ते हळूहळू सरकवत माझ्याकडून नाव वाचून घेतलं. रडले नाहीत. मलाच रडू फुटलं. बाई घाबरून सॉरी सॉरी करत राहिल्या.

"वय काय लिवलंय?"

"चोवीस."

"चोवीस. पोरगंच की गं." मग म्हणाले, "आईला ठावं नव्हतं त्ये बरं झालं. तिचं कुंकू खोटं न्हाई. तिला ठावं नव्हतं."

मी एवढी वर्षं गप्प राहिले याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी गावच्या गुरुजींना फोन लावला. ते म्हणाले, बाकीचे विधी गावी आल्यावर करू, पण सर्वपित्रीला मिशी उतरवून पिंड-पाणी द्या. मी म्हटलं, बाबा, उद्याच नवं ब्लेड आणते.

"आठ दिस हायती की अजून," बाबा म्हणाले. "तवर हाय माझा बाप. ऱ्हाऊ दे."

ते आठ दिवस नकाशा उघडला गेला नाही. बाबा मिशीला तेल लावायचे, खिडकीत बसायचे आणि आजीनं सांगितलेलं सांगायचे. ते उंच आहेत, पोहण्यात पटाईत आहेत, त्यांना कांद्याची पात आवडते. सगळं 'आहेत' असंच. मी कधी नव्हे ते कामावरून रजा टाकून ऐकत बसले.

अमावस्येला सकाळी बाबांनी स्वतःच्या हातानं मिशी उतरवली. ओठावरची ती जागा इतकी कोवळी, पांढरी होती की माझ्यानं बघवेना. शेजारीणबाईंनी मला भात रांधायला त्यांच्या घरी बोलावलं. म्हणाल्या, वडिलांच्या या घरात एकदा भात शिजू दे. आम्ही तिघं बॉइन नदीच्या काठी गेलो. वारा होता, बाई छत्री धरून उभ्या होत्या. कावळे इथंही भरपूर, त्यांची काळजी नव्हती.

बाबांनी पिंड वळायला घेतला. वळता वळता पातेल्यातला सगळा भात त्यात घातला, नारळाएवढा झाला.

"बाबा, एवढा मोठा कुणी करतं का?"

"तीन वर्सं उपाशी हुता त्यो."

मी रिकामं पातेलं बाजूला ठेवलं. लहानपणी आजी त्यांना सांगायची, तुझं दादा येत्याल. बापाला 'दादा' म्हणायचं ठरलेलं होतं, हाक मारायला समोर माणूस नव्हता. बाबांनी दोन्ही हातांनी पिंड गवतावर ठेवला, त्यावर पाणी सोडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती हाक मारली.

"जेवा, दादा."