पेन्सिलची टिक

यादी करून काम करायची सवय मला शाळेपासून आहे. पुण्यात कॉल सेंटरं नवी होती तेव्हा एका ठिकाणी मी प्रशिक्षणाला लागले आणि पहिल्याच दिवशी वही आखली. सहा आठवडे सराव, शेवटी उच्चारांची परीक्षा. पास झालं तर नोकरी, नाही तर घरी.

सरावाला जोड्या लावल्या होत्या. माझी जोडीदारीण यवतमाळकडची, धायरीत खोली घेऊन राहायची. वडील घरून दोनच महिन्यांचं भाडं पाठवू शकणार होते. आम्हा दोघींचं घोडं एकाच ठिकाणी अडायचं. मराठीत एका 'व'वर भागतं, इंग्रजीत दोन लागतात. एकाला वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, दुसऱ्याला ओठ गोल करायचे आणि दात लागू द्यायचे नाहीत. त्यासाठी हातात पावडरच्या डबीचा आरसा. सलग दहा वेळा बरोबर आलं की माझ्या वहीत, जिच्या तिच्या पानावरच्या त्या आवाजाच्या चौकोनात टिक. स्वतःची टिक स्वतः करायची नाही, जोडीदाराने करायची.

माझं पान आधी भरलं. तिच्या पानावर दोन 'व'चा हाच एक चौकोन लवकर भरेना आणि तो मला खुपायचा. एका संध्याकाळी ती दहात आठ वेळा बरोबर म्हणाली. खाली कंपनीची गाडी हॉर्न देत होती. मी टिक केली.

"खरंच बरोबर होऊन राहिलं?" ती आरशात बघत म्हणाली. "मला तर दात मधात आल्यासारखे वाटले."

"टिक केली म्हणजे झालं. तुझ्या दातांसाठी गाडी थांबणार नाही."

"पुण्याची माणसं बाप्पा," ती हसली. "बरं, उद्यापासून बाकीचे आवाज घेते."

आणि तिने तो सराव खरंच सोडला.

निकालात माझं नाव होतं, तिचं नव्हतं. प्रशिक्षक बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तिला सांगा, बाकी छान आहे. दोन्ही 'व' एकच येतात, तेवढं सुधारून पुन्हा बसा म्हणावं."

ती जिन्यात उभी होती. "काही बोलल्या का मॅडम? कुठं चुकलं?"

"थोडं थोडं सगळीकडेच," मी म्हणाले.

"माझंच तोंड जड. तू तर किती मेहनत घेतली." मग म्हणाली, "माझं पान दे ना. गावी जाऊन सराव करते, पुढच्या वेळी बसते."

मी वही उघडली. टिक पेन्सिलची होती आणि त्याच पेन्सिलच्या टोकाला खोडरबर होतं. मी पान फाडून दिलं. तिने त्यावरून बोट फिरवलं, ते 'व'च्या चौकोनावर थांबलं. "हा तर झालेलाच आहे," ती म्हणाली आणि पान नीट घडी करून पर्समध्ये ठेवलं.

पुढच्या तुकडीच्या परीक्षेच्या यादीत तिचं नाव मी वाचलं. निकालाच्या यादीत ते मी तीनदा शोधलं.