काशिनाथच्या खुलाशातील पहिले वाक्य

“भाऊसाहेब, तुमच्या अर्जावरच शेठनी मला काढला,” असे म्हणत काशिनाथ माझ्या टेबलासमोर बसला. तहसील कचेरीबाहेरची ती दुपार इतकी स्तब्ध होती, की टाइपरायटरवरची सावलीसुद्धा हलत नव्हती.

ऐंशीचे दशक सरत आले होते. अंबाडीकडचा हा चाळिशीतला गृहस्थ वळ गावाजवळच्या एका कारखान्यात मोल्डिंग मशीनचा ऑपरेटर होता. तेथे यंत्रमागासाठी नायलॉनच्या बॉबिन, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या नळ्या, तयार होत. त्या तुटून परत येऊ लागल्या, तेव्हा शेठनी त्याच्याकडे लेखी खुलासा मागितला. तो मीच लिहिला होता. अर्जाचा आरंभ नम्रतेने करावा, ही आमच्या व्यवसायाची रीत. त्यानुसार मी प्रथम लिहिले होते, ‘माझ्या हातून घडलेल्या अपराधाची क्षमा असावी.’ शेठनी पुढचे वाचलेच नाही.

“तुझा अपराध तरी कोणता होता?” मी विचारले.

“कायबी न्हाय. तवा तुम्ही इचारलाच न्हाय.”

माझ्यासारख्या अनुभवी माणसाला हे लागावे, हे स्वाभाविक होते. मी टेबल आवरून त्याच्यासोबत निघालो.

कारखान्यातील उष्ण, गोडसर वासाने डोळे जड झाले. साबुदाण्यासारखा पांढरा प्लॅस्टिकचा दाणा मशीनच्या नरसाळ्यातून सावकाश खाली सरकत होता. साचा मिटत होता, उघडत होता; जणू कोणी गाढ झोपेत श्वास घेत होते. आपण कशासाठी आलो, हेच मी क्षणभर विसरलो.

“वकील आणलास काय रे?” शेठनी विचारले.

“मी अर्जनवीस. चूक माझ्या वाक्याची आहे, याच्या हाताची नव्हे.”

“मग बॉबिन काय तुमच्या वाक्याने तुटल्या?”

तेव्हा काशिनाथ बोलला. “शेठ, टाइम वाचवायला तुम्ही सकालीच सगल्या गोनी फोडायला लावता. नायलॉन हवेतला पानी पितो. दाना आधी ओव्हनमधी सुकवायला लागतो. तो ओव्हनच तुम्ही बंद केला.”

“चार-चार तास दाणा सुकवत बसलो, तर प्रोडक्शन कधी काढणार?”

“तुटलेला माल बी प्रोडक्शनच हाय का?”

शेठनी एक बंद गोणी फोडण्यास सांगितले. दाणा ओव्हनमध्ये तापत असताना आम्ही दारात बसलो. दूरवरच्या मागांचा खडखडाट हळूहळू पाण्याच्या आवाजासारखा वाटू लागला. ऊन उतरले.

अखेर दोन बॉबिन टेबलावर आल्या. उघड्या गोणीतल्या दाण्याच्या बॉबिनवर चंदेरी रेघा होत्या. हातोडी बसताच तिचे दोन तुकडे झाले. सुकवलेल्या दाण्याची दुसरी नुसती उडाली. शेठनी हातोडी स्वतः घेतली व पुन्हा मारली. ती पुन्हा उडाली.

“उद्यापासून ये. ओव्हन चालू कर. दुसऱ्या शिफ्टवाल्यांनाही शिकव.”

“लेखी द्या,” काशिनाथ म्हणाला.

शेठनी माझ्याकडे पाहिले. मी तेथेच कागद काढला. शेठनी सही केली. स्वतःची चूक त्यांनी मान्य केली नाही, आणि मीही तसा परिच्छेद घातला नाही.

नम्रता लिहिण्यापूर्वी हकीकत विचारावी, एवढेच मी त्या दिवशी शिकलो.