वाघोबापुढची खुर्ची

बेडसे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरात, एक ठाकरवाडी आहे. एकोणीसशे साठ-बासष्टच्या सुमाराला तिथला बहिरू जंगल कामगार सोसायटीचा अध्यक्ष होता आणि अध्यक्ष असणं म्हणजे शिकत राहणं, अशी त्याची पक्की समजूत झाली होती. समजूत त्याची कशाची, सरकारचीच. आदिवासींच्या संस्था सक्षम व्हाव्यात म्हणून दरवर्षी लोणावळ्याला शिबिर भरे आणि दरवर्षी बहिरू धुतलेलं मुंडासं बांधून तिकडे जाई. येताना एक प्रमाणपत्र आणि चिक्कीची पुडी आणी. चिक्की वाडीतली पोरं फस्त करत, प्रमाणपत्रं कुडाला खोचलेली राहत.

सोसायटी निघण्याआधी ही माणसं ठेकेदार रखमाजीची लाकूडतोड करीत. बाजाराच्या दिवशी खाली गावात त्याच्या ओट्यापुढं उभं राहायचं, तो जेवून, घटकाभर पडून बाहेर आला की मजुरी घ्यायची. बहिरूचा बाप असा उभा राहून राहूनच म्हातारा झाला. मग सोसायटी झाली. तोडीला काढलेला जंगलाचा तुकडा, म्हणजे कूप, ठेकेदाराऐवजी मजुरांनाच मिळू लागला. पण संस्था नवखी, तिला जाणत्या माणसाचा आधार हवा, म्हणून सरकारनं एक सल्लागार नेमला. जाणता कोण? ज्याला लाकडाच्या धंद्यातलं कळतं तो. म्हणजे रखमाजी! ओटा तोच राहिला, फक्त त्यावर सोसायटीची पाटी लागली.

एका वर्षी मात्र शिबिरात साहेबांनी सांगितलं, की तपासणीत संस्था सक्षम ठरली तर सल्लागार जाईल आणि कूप थेट तुमच्या हाती येईल. बहिरूचा जीव त्या एका वाक्यात अडकला. साहेब पुढं आणखीही बोलले. आपले निर्णय आपण घ्या, ठराव लिहा, आणि अध्यक्षानं जमिनीवर बसू नये, कारण त्याचा मान तोच संस्थेचा मान. असं म्हणून त्यांनी प्रत्येक सोसायटीला एकेक सागवानी खुर्ची दिली. बहिरूनं ती डोक्यावर घेऊन डोंगर चढवला.

आणि तिथं घोडं अडलं. वाडीची बैठक वाघोबाच्या शेंदरी दगडापुढं बसते. वाघोबापेक्षा उंच कुणी बसायचं नाही, पाटील आला तरी मातीत बसतो. दगड तर जेमतेम वीतभर. खुर्चीवर बसावं तर देवाचा अपमान, न बसावं तर सरकारचा. हात वर करून डोकी मोजायची वाडीत रीत नाही. एकाचंही मन वळायचं राहिलं तरी बैठक उठत नाही. माणसं बसून बसून अवघडली. शेवटी बहिरूची चुलती पुतळाबाई वैतागली.

"आरं, लाकडं तोडनारी मानसं ना तुमी? मग कापा की तिचं पाय!"

सगळ्यांच्या माना एकदम हलल्या. बहिरूनं स्वतः करवत धरली. चार अक्षरं शिकलेल्या शिदूनं ठराव लिहिला, की अध्यक्षांची खुर्ची एकमतानं वाघोबाच्या खाली आणण्यात येत आहे. सल्लागाराला न विचारता केलेला सोसायटीचा हा पहिलाच ठराव. बहिरू खुर्चीत बसला. पाय लांब पसरावे लागत होते, पण देव आणि सरकार दोघांचाही मान राहिला होता. त्याला आयुष्यात इतकं हुशार कधी वाटलं नव्हतं.

तपासणीला शिबिरातले तेच साहेब आले, बरोबर रखमाजी. तोड नियमानं झालेली, हिशेब चोख, मजुरी वेळेवर. साहेब खूश झाले. आता शेरा लिहायचा तेवढा राहिला होता. बहिरूनं अदबीनं खुर्ची साहेबांच्या मागं सरकवली. साहेब न बघता बसायला गेले आणि बसतच गेले.

बायकांनी पदर तोंडाला लावले. साहेब धूळ झटकत उठले.

"खुर्चीचे पाय कुणी कापले?"

"म्या, साहेब."

"कुणाला विचारून?"

"समद्यांला. ठराव बी हाय."

"सल्लागारांना विचारलंत?"

"न्हाई. आमचं आमीच ठरवलं," बहिरू अभिमानानं म्हणाला. "तुमीच सांगितलं व्हतं न्हवं?"

रखमाजीनं हळहळून मान हलवली. "लेकरावानी हायती, साहेब. शिकायला येळ लागंल."

साहेबांनी शेरा मारला. सरकारी मालाची नासधूस. संस्थेला स्वतःचे निर्णय घेण्याची समज नाही. सल्लागार आणखी तीन वर्षं आवश्यक.

शिदूनं तो वाचून दाखवला तेव्हा बहिरूला संताप आला, पण तो कुणावर काढावा हे कळेना. साहेबांवर काढावा तर ते परत गेलेले, वाघोबावर काढावा तर त्याचा काय दोष. पुढच्या बाजाराला तो रखमाजीच्या ओट्यापुढं उभा राहिला. अध्यक्ष म्हणून सगळ्यात पुढं. आत रखमाजीचं जेवण चाललं होतं.

पुढच्या वर्षीच्या शिबिराला नवे साहेब होते. विषय होता, संस्थेची निर्णयशक्ती. त्यांनी बहिरूलाच उभं केलं. "सांगा अध्यक्ष, तुमच्या सोसायटीनं स्वतः घेतलेला एखादा निर्णय."

बहिरूनं हात जोडले. पुतळाबाई, करवत, माना हलवणारी वाडी, सगळं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"सल्लागारांस्नी इचारून सांगतो, साहेब."

साहेबांनी त्याची पाठ थोपटली, सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या आणि प्रमाणपत्रावर लिहिलं, 'प्रगती उत्तम'.

हे प्रमाणपत्र बहिरूनं कुडाला खोचलं नाही. खुर्चीचे कापलेले पाय वळचणीला पडले होते, ते काढून त्यानं प्रमाणपत्रासकट चुलीत घातले. सागवान चांगलं पेटलं. पुतळाबाईनं त्या जाळावर चहा टाकला आणि पहिला कप अध्यक्षाला दिला.