दुलईखालचे बटाटे

याश शहराच्या बाजारात लोक झेनोविया मावशीला ‘साखरबाई’ म्हणायला लागले, त्या हिवाळ्यापासून तिची झोप उडाली.

आमचं गाव सुचावा जिल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात. इथं भरवशाचं पीक एकच, बटाटा. सरकारी खरेदी केंद्र होतं तोवर मावशी तिथं काट्यावर असायची. केंद्र बंद पडलं आणि शहरातले दलाल बांधावरूनच पडेल भावात माल उचलायला लागले. तेव्हा मावशीनं कंबर कसली. माल घरोघरच्या तळघरांत राखायचा, वेचायचा आणि शहरात टंचाई झाली की माझ्या ट्रकमधून थेट याशला न्यायचा, ही घडी तिनं बसवली. कुणाच्या तळघरात ओल जास्त, कुणाच्या बटाट्याला आधी मोड येतील, सगळं तिच्या डोक्यात.

आणि मग गेल्या हिवाळ्यात एक खेप बिघडली. सहा जानेवारीला आमच्याकडे पाद्री आशीर्वादाचं पाणी शिंपडत फिरतो. ट्रक भरून उभा होता. पाद्रीबाबांनी मायेच्या भरात सब्जाच्या डहाळ्यांची जुडी बादलीत बुडवून पोत्यांवर झोडपली, एकदा नाही, चांगली दहाबारा वेळा. पोती भिजली आणि घाटात गोठली. गोठलेला बटाटा उकडला की गुळचट लागतो. आमचा सगळा माल घेणाऱ्या ग्लाफिरानं भर बाजारात विचारलं, “काय गं साखरबाई, मुरंबा घालायचा व्हता का?”

यंदा ग्लाफिराचा निरोप आला, माल हवा तोही नेमका सहा जानेवारीलाच. दुपारपर्यंत माल आला तर घेते, पण एक जरी गोड निघाला तरी पुन्हा तोंड दाखवू नको. चर्चच्या अंगणात गावानंही ठरवून टाकलं, की या खेपेला बिघडलं तर पुढल्या शरदात सगळ्या तळघरांतला माल दलालाला.

त्या सकाळी पारा शून्याखाली अठरा. खाली पेंढा, वर एकशेवीस पोती आणि त्यांवर ज्या ज्या घरचा माल त्या त्या घरची पिसांची दुलई. तरी मागच्या फळीपाशी फट राहिलीच. मावशी घरात गेली आणि लेकीच्या रुखवताच्या दोन कोऱ्या दुलया काखेत मारून आली.

लेक इलिंका मागून ओरडत आली. “आई! ईस्टरनंतर माझं लगीन हाय. सासरची माणसं हुंगून बघतील त्या!”

“हुंगू देत. बटाटं खातात नव्हं ती?”

निघणार एवढ्यात पाद्रीबाबा आले, हातात बादली. मावशीचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्याकडे बघून ती कुजबुजली, “ग्रिगोरे, गाडी काढ.”

“मावशी, आशीर्वादाबिगर मी गावाबाहेरचा पूल वलांडणार न्हाई,” मी म्हटलं. खरंच वलांडला नसता.

मावशी तशीच फळीवर चढली आणि दोन्ही हात पसरून पोत्यांपुढं उभी राहिली. “बाबा, बटाट्यानं काय पाप केलंय? पाप म्या केलंय. काय टाकायचं ते माझ्यावर टाका!”

गाव हसलं. बाबाही हसले आणि त्यांनी खरंच जुडी तीनदा तिच्या अंगावर झटकली. डोक्याचा रुमाल तिथल्या तिथं कडक झाला. एक थेंब इंजिनावर टाकून घेतला, तेव्हा कुठं मी किल्ली फिरवली.

घाट उतरलो तर पुढं रस्ता बंद. वाऱ्यानं बर्फाचे ढीग आणून टाकलेले, पोलिसांनी फळकूट आडवं घातलेलं. दोन तास तरी लागतील म्हणाले. मावशी केबिनमधून उतरली आणि मागं जाऊन बसली, फळीला पाठ लावून. चीज करताना दुधात घालायचा तापमापक तिनं दुलईखाली खुपसला होता. मी इंजिन चालू ठेवून दर थोड्या वेळानं मागं जायचो.

“किती?”

“शून्याच्या वर चार.”

मग तीन. मग, “दोन झालं रं.” तिचे ओठ निळे पडलेले. मी म्हटलं, माझा कोट घ्या. तिनं घेतला आणि कोपऱ्यातल्या पोत्यावर घातला.

“ते न्हवं, मावशी! तुमच्यासाठी!”

“मी काय उकडून विकायची हाय व्हय? जा, रस्ता बघ.”

ट्रकची मागची ताडपत्री खाली सोडताना मी पुन्हा पाहिलं. तिनं मिटलेले डोळे उघडलेच नाहीत, नुसतं एक बोट वर केलं. एक. रस्ता सुटला तेव्हा मी असा ट्रक हाणला, की आशीर्वादाची सगळी पुण्याई तिथंच संपली असेल.

दुपार टळायच्या आत याशला पोचलो तेव्हा ग्लाफिरा गाळ्यातल्या शेगडीवर पाणी ठेवूनच बसली होती. “आली का साखरबाई?” म्हणत तिनं मधल्या पोत्यातून एक बटाटा काढला.

मी मनात म्हटलं, सुटलो. मधला माल चांगलाच असणार होता. पण मावशीनं तिचा हात धरला.

“त्यो ठेव. मधला हाय. फळीजवळच्या कोपऱ्यातला घे.”

मी मागून तिचा कोट ओढला. म्हणजे माझाच कोट, याशला उतरताना मी तिच्या खांद्यावर टाकलेला. तिनं लक्ष दिलं नाही. कोपऱ्यातलं पोतं तिनं स्वतः सोडलं आणि आखडलेल्या बोटांनी एक बटाटा पाण्यात टाकला. तो शिजेपर्यंत मावशीच्या रुमालावरचा बर्फ वितळून हनुवटीवरून ठिबकत होता, आणि ती तो पुसत नव्हती.

ग्लाफिरानं बटाटा फोडला, फुंकला, तोंडात टाकला. चावत राहिली, चावतच राहिली. मग शेजारच्या गाळ्याकडे मान वळवून ओरडली, “ए, जरा मीठ दे गं इकडं!”

मावशी तिथंच पोत्यावर बसली.